तिओठीचं माप

समोरच्या कंपनीची पट्टी ताईने तिसऱ्यांदा हातात घेतली, तिसऱ्यांदा दिव्याखाली धरली, आणि तिसऱ्यांदा तिच्या तोंडून तोच शब्द निघाला जो तिच्या वडिलांनी या कारखान्यात कोणाला कधी उच्चारू दिला नव्हता.

पट्टी म्हणजे दाराची. दार आणि चौकट यांच्यामध्ये जी फट राहते, तिच्यातून वारा येतो, धूळ येते, पाणी येतं, शेजाऱ्यांचं भांडणही येतं. ते सगळं बाहेर ठेवायचं काम या रबरी पट्टीचं. वडिलांनी धंदा सुरू केला तेव्हा ते नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पट्ट्या चुका मारून ठोकून देत. मग स्पंज आला, तो वर्षभरात चुरा होऊन पडायचा. मग पोकळ नळीची पट्टी आली. ती बरी होती, पण दार सरळ असेल तरच. आणि सरळ दार ताईने अजून पाहिलेलं नाही. वर बोटभर फट, खाली केसभर, हे घरोघरचं. म्हणून दोन वर्षं डोकं खपवून तिने दुओठी काढली. नळीला दोन पातळ ओठ, आणि ओठांच्या मुळाशी आतून एक बारीक खाच. खाच असली की ओठ गुमान आत वळतो. नसली की मनाला येईल तसा दुमडतो आणि दार अडतं. सगळी करामत त्या खाचेत होती.

आणि आता समोरच्यांच्या पट्टीतही खाच होती. तीच जागा, तीच खोली. दुओठी बाजारात येऊन आठवडा होत नाही तोच यांचीही आली. आठवड्यात कोणी साचा बनवून माल काढत नसतो. म्हणजे यांना निदान महिनाभर आधी कळलं होतं, म्हणजे कोणीतरी सांगितलं होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं. आणि पाणी मुरू न देण्यावर ज्यांचं पोट, त्यांच्याच घरात मुरत होतं, याचा ताईला जास्त संताप आला.

दुओठीचं ड्रॉइंग कपाटात कुलपाखाली असे. ते पाहिलेली माणसं तीन. एक ती स्वतः. दुसरा धाकटा भाऊ, जो दुकानोदुकानी फिरून माल खपवायचा. त्याच्या हातात ड्रॉइंग उलटं दिलं असतं तरी त्याने मान डोलावली असती. तिसरे साचे बनवणारे मास्तर.

मास्तर बावीस वर्षं इथे होते. ताई शाळेचं दप्तर पाठीला लावून कारखान्यात यायची तेव्हा तिला व्हर्नियर धरायला त्यांनी शिकवलं, आणि केसाची जाडी मोजून दाखवायला तिचाच एक केस उपटला. तेव्हा ते तिला 'पोरी' म्हणत. वडील गेले आणि ती खुर्चीत बसली, त्या दिवशी ते 'ताई' आणि 'तुम्ही' म्हणाले, आणि पुन्हा कधी मागे आले नाहीत. अशा माणसावर संशय घ्यायचा म्हणजे जीभ जड होते. ताईची झाली, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी ती त्यांच्याकडे नव्या नजरेने बघायला लागली.

आणि एकदा बघायला लागलं की काय, दिसतंच. मास्तर जेवणाच्या सुट्टीत फाटकाबाहेर जाऊन फोनवर बोलत. बावीस वर्षांत कितीदा बोलले असतील, ताईचं लक्षच गेलं नव्हतं. मास्तरांनी नवा चष्मा केला. म्हाताऱ्या माणसाला कमी दिसायला लागलं की चष्मा होतो हे ताईला ठाऊक होतं, पण संशय डोक्यात बसला की ठाऊक असलेल्या गोष्टी कामाला येत नाहीत. कोणी जवळ आलं की मास्तर खण बंद करत. एकदा तर ते समोरच्या कंपनीच्या ड्रायव्हरला हात करून हसले. तो ड्रायव्हर सगळ्या गल्लीला हात करायचा, पण ते राहू द्या.

"मास्तर?" भाऊ म्हणाला. "ताई, तुला ताप आहे का गं?"

"मग कोण? तू?"

"मला त्या खाचेला खाच म्हणतात हे परवा कळलं."

हे मात्र खरं होतं. ताईने मग कोणाला ताकास तूर लागू न देता सापळा लावला.

तिने नवी पट्टी आखली होती, तिओठी. तीन ओठ, झुकलेल्यातल्या झुकलेल्या दारासाठी. ओठ पातळ हवेत, एक पॉइंट एक मिलिमीटर. हे खरं ड्रॉइंग तिने कपाटात ठेवलं आणि किल्ली गळ्यात घातली. दुसरं ड्रॉइंग काढलं, तंतोतंत तसंच, फक्त ओठाची जाडी लिहिली एक पॉइंट आठ. ते एकट्या मास्तरांना दिलं. समोरच्यांची तिओठी एक पॉइंट आठची निघाली की मास्तर सापडले. आपला एक साचा वाया जाईल, जाऊ दे.

मास्तरांनी कागद नव्या चष्म्याखाली बराच वेळ धरला.

"झालंय सगळं बघून?" त्यांनी विचारलं.

"झालंय."

"बरं," म्हणाले आणि घेऊन गेले.

आठवडाभराने तिओठीचा पहिला तुकडा मशीनमधून निघाला. कोपऱ्यात एक चौकट उभी होती, तिच्यात मुद्दाम वाकडं बसवलेलं एक दार. प्रत्येक नवी पट्टी त्या दाराला लावून बघायची पद्धत होती. मास्तरांनी पट्टी लावली, दार लोटलं, फटीत कागदाचा कपटा धरून ओढला. कपटा हलला नाही. वरून ओढला, खालून ओढला, बिजागरीपाशी ओढला. कुठेच सुटला नाही. कडा कातरायला बसलेल्या दोघीजणी कातरी थांबवून बघायला लागल्या. भट्टीवाला हात पुसत पुढे आला.

ताई मात्र पुढे झाली. एक पॉइंट आठच्या ओठाने हे दार लागायलाच नको होतं. तिने पट्टीचं टोक कापलं, व्हर्नियर लावला. एक पॉइंट एक. पुन्हा लावला. एक पॉइंट एक, बरोब्बर, कपाटातल्या कागदावर होतं तेच.

म्हणजे यांनी कपाट उघडलं होतं.

"मास्तर, हे माप तुम्हाला कोणी दिलं?"

मास्तरांनी दोघीजणींकडे पाहिलं, भट्टीवाल्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "चालतंय ना, ताई? मग झालं तर."

"मी विचारते ते सांगा. कुठून आलं हे माप?"

"आतून घेतलं जरा... नंतर बोलू का आपण?"

चोराची नजर अशीच खाली जाते, असं ताईला वाटलं, आणि तिचा तोल गेला. "नंतर नाही, आत्ता. कपाट कधी उघडलंत माझं? दुओठी पण अशीच दिलीत का त्यांना?"

कातऱ्या थांबलेल्याच होत्या. आता मशीनही कोणीतरी बंद केलं.

मास्तर वळले. आपल्या टेबलाशी गेले, खण उघडला आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. ताईला वाटलं, सापडलं. फडक्यात साच्याची प्लेट होती. त्यांनी ती तिच्यापुढे ठेवली.

"ही एक पॉइंट आठची," ते म्हणाले. "तुम्ही लिहिलंत तशी आधी हीच केली. संध्याकाळी सगळे गेल्यावर तुकडा काढून दाराला लावून पाहिला, दार अडलं. रबर निघतं ती साच्याची फट रुंद करता येते ताई, अरुंद करता येत नाही, म्हणून रविवारी येऊन दुसरी प्लेट केली. एक ठेवलं तर ओठ फाटेल, सव्वा ठेवलं तर दार अडेल. मग मधे राहिलं काय? कपाट कशाला लागतं त्याला?"

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"घाईत चुकलं असेल तुमच्याकडून, असं वाटलं. या सगळ्यांसमोर मालकिणीची चूक कशाला काढायची." मग ते थांबले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "मुद्दाम लिहिलं होतंत?"

ताईला खोटं बोलता आलं असतं. पण खोटं बोलायलाही एक तयारी लागते, तीही तिच्यापाशी उरली नव्हती. तिने होय अशी मान हलवली. मास्तरांनी प्लेट फडक्यात परत गुंडाळली आणि ते हात धुवायला गेले.

तेवढ्यात भाऊ आला. कारखान्यात मशीन बंद आणि माणसं गप्प, याचं त्याला काही वाटलं नाही. विकणाऱ्या माणसाला आपल्या बोलण्यापुढे दुसरं ऐकू येत नाही. त्याने टेबलावरची तिओठी उचलून वाकवली आणि खूश झाला.

"मस्तच! ताई, मागच्यासारखे चार-चार बोटांचे तुकडे कापून दे मला. या वेळी पण महिनाभर आधी वाटून टाकतो. नमुना हातात पडला की दुकानदार लगेच होय म्हणतो."

"कोणाकोणाला वाटले होतेस?"

"सगळ्यांना. समोरच्यांचा माल ठेवतो ना, त्या कोपऱ्यावरच्याला पण. त्याने तर दोन मागून घेतले. सगळ्यांत जास्त कौतुक त्यानेच केलं."

ताईने मघाशी कापलेलं टोक हातात घेतलं. पट्टी आडवी कापली की नळी, ओठ, खाच, सगळं तोंडावर दिसतं. व्हर्नियर लावला की मापही मिळतं. त्यासाठी ड्रॉइंग लागत नाही. तिने स्वतः आत्ताच नव्हतं का मोजलं? आणि दुओठीचे ते तुकडे भावाने कापले नव्हते, मास्तरांनी कापले नव्हते. तिनेच कापले होते, एका दुपारी, रेडिओ ऐकत, साठ तुकडे. कडा सुबक दिसाव्यात म्हणून नवं ब्लेड लावून. कागद कुलपात ठेवून तिने अख्खी पट्टी गावभर वाटली होती.

तिला स्वतःची इतकी लाज वाटली की भावाला 'नंतर ये' एवढंही नीट म्हणता येईना.

ती मोरीपाशी गेली. मास्तर अजून हात धूत होते, रबराचा काळेपणा काही लवकर जात नाही. तिने सगळं सांगितलं, साठ तुकड्यांसकट. माफी मागितली. मग परत टेबलापाशी येऊन, दोघीजणी आणि भट्टीवाला ऐकत असताना पुन्हा मागितली, कारण आरोप तिथे केला होता. रडूही आलं तिला, ते तिने लपवलं नाही.

"असू द्या ताई," मास्तर म्हणाले. "होतं असं. धंद्यात डोळ्यांत तेल घालूनच राहावं लागतं."

दुसऱ्या दिवशी ते वेळेवर आले. त्यापुढेही येत राहिले. चहा घेत, दोघीजणींची चेष्टा करत, वाकड्या दाराला शिव्या घालत. तिओठीचे तुकडे आता कोणालाच दिले जात नव्हते. दुकानदाराला ती भाऊ दाराला लावूनच दाखवायचा. समोरच्यांकडे तिओठी आली नाही. ताईला वाटलं, निभावलं. भाऊही म्हणाला, मास्तर म्हणजे सोन्यासारखा माणूस, मनात काही ठेवणारे नाहीत.

दोनेक महिन्यांनी एका शीतगृहाचं काम आलं. तिथली दारं मोठी, माणसं घाईत. ताईने एका बैठकीत ड्रॉइंग काढलं आणि मास्तरांकडे दिलं. साचा झाला, घाईत वाकड्या दाराला लावून न बघताच सगळा माल निघाला, गाडीत भरून गेला, आणि दुपारी तिथून फोन आला की एकही दार लागत नाही. ताईने ड्रॉइंग उघडलं. ओठाच्या जाडीला एक पॉइंट दोनच्या जागी तिच्या हाताने दोन पॉइंट एक लिहिलं होतं.

ती कागद घेऊन मास्तरांच्या टेबलाशी गेली.

"मास्तर, हे माझं चुकलं. सरळसरळ चुकलं. पण बावीस वर्षं काम करताय, तुमच्या कसं लक्षात आलं नाही?"

"आलं होतं की," मास्तर म्हणाले.

"मग?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. टोमणा मारायचा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि आताही त्यांनी मारला नाही. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच.

"मला वाटलं, मुद्दाम लिहिलं असेल."