सर्जनची टाकी

ऑपरेशन थिएटरातून निवृत्त होणाऱ्या नर्सला निरोपाला काय द्यावं यावर तिथल्या पोरींनी बराच खल केला असणार. शेवटी जे दिलं ते बघून सिस्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. काचेच्या वाटीएवढ्या भांड्यात एक निळा मासा. बेट्टा, म्हणजे दुकानदार ज्याला फायटर म्हणतात तो. "घरी कंटाळा येईल ना तुम्हाला, म्हणून," पोरी म्हणाल्या. कंटाळा! सिस्टरांना आयुष्यात कंटाळायला सवड मिळाली नव्हती, आणि इतरांनी तो परस्पर ठरवून टाकावा याचा त्यांना मनापासून राग आला.

मासा मात्र तोऱ्याचा निघाला. काचेजवळ बोट नेलं की गालफडं फुगवून, शेपूट पसरून अंगावर धावून यायचा. थिएटरातले मोठे सर्जन हातात वेळेवर कात्री पडली नाही की अस्सेच फुगायचे. सिस्टरांनी हे सांगितलं आणि नवऱ्यानं तिथल्या तिथं माशाचं बारसं उरकलं. सर्जन.

आता घर द्यायचं तर धड द्यायचं. दोघं जाऊन वीस लिटरची टाकी घेऊन आली. मासा उडी मारतो म्हणून झाकण, पाणी कोमट राहावं म्हणून हीटर, स्पंज बसवलेला छोटा फिल्टर, खडे, प्लास्टिकचं एक झाड. दुकानदारानं सगळं बांधलं आणि वर एक बाटली पुढे सरकवली.

"ही पण घ्या, ताई. चांगले जंतू आहेत. पाण्यात टाकायचे."

"तुम्ही बाटलीत भरून जंतू विकता?" सिस्टर एवढ्या जोरात म्हणाल्या की मागचं गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरकलं.

घरी आल्यावर त्यांनी जन्मभर जे केलं तेच केलं. स्पंज, खडे आणि झाड कुकरमध्ये घालून भरपूर शिट्ट्या काढल्या. पाणी उकळलं, गाळलं, गार केलं. काच अशी पुसली की तिच्यात बघून भांग पाडावा. कुकर उघडला तेव्हा झाडाचा हिरवा गोळा झाला होता. नवऱ्यानं आत डोकावून विचारलं, "आज भाजी कसली?"

सिस्टर हसल्या नाहीत, कारण त्यांच्या डोक्यात एव्हाना भलतंच चालू होतं. मुलीची बाळंतपणाची रजा संपत आली होती. बाळ दिवसा कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न होता, आणि सिस्टरांच्या मते तो प्रश्नच नव्हता. सख्खी आजी, तीही नर्स, तीही निवृत्त, हाकेच्या अंतरावर बसलेली. पण मुलगी एक पाळणाघर बघून आली होती, आणि आईनं विषय काढला की "बघू" म्हणायची. हे "बघू" सिस्टरांच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं. तोंड उघडून मागायचं नाही हा त्यांचा जुना बाणा. मुलगीच विचारेल म्हणून वाट बघत होत्या.

आणि इकडे सर्जनचं लक्षण काही ठीक दिसेना. चकचकीत टाकीत सोडल्यावर थोडे दिवस मिरवला, मग कोपऱ्यात जाऊन बसायला लागला. पंख मिटलेले, खाण्याकडे पाठ. सिस्टरांनी पाणी तपासायचे थेंब आणले. नळीत थोडं पाणी घेऊन थेंब टाकले की ते पिवळं झालं तर ठीक, हिरवं झालं तर माशाच्या घाणीचं विष साठलंय असं समजायचं. पाणी हिरवंगार झालं.

मग काय, सिस्टरांनी पदर खोचला. सगळं पाणी उपसलं, स्पंज पुन्हा कुकरमध्ये, खडे पुन्हा कढत पाण्यात. त्या दिवशी पाणी पिवळं. जरा कुठं निःश्वास टाकावा तर पुन्हा हिरवं. पुन्हा उपसा, पुन्हा शिट्ट्या. जितकं घासावं तितका मासा खंगत चालला. सिस्टरांच्या नाकी नऊ आले. इतक्या वर्षांत स्वच्छतेनं त्यांना दगा दिला नव्हता, आणि आता एका बोटाएवढ्या जिवापायी ती उलटली होती. त्या दुकानदारावर चिडल्या, थेंबांवर चिडल्या, नवरा वर्तमानपत्र वाचतो म्हणून त्याच्यावर चिडल्या.

मुलीचा फोन आला तेव्हा त्यांनी सगळं गाऱ्हाणं तिच्यापुढे ओतलं. मुलगी आधी पोट धरून हसली. "आई, स्पंज? कुकरमध्ये?" मग जरा वेळ काहीतरी वाचत होती. "अगं, ते विष खाणारे जंतू त्या स्पंजमध्येच वाढतात. ते वाढले की पाणी आपोआप ठीक राहतं. तू दर वेळी नेमके तेच मारतेस."

"मला जंतू शिकवू नकोस."

"नाही शिकवत." मग हळूच म्हणाली, "आई, खरं सांगू? मला हीच भीती वाटते. बाळ रांगायला लागलंय. दिसेल ते तोंडात घालतंय. तुझ्या घरात त्याला सारखं नको-नको होईल. मला झालं तसं."

"मी काय त्याला कुकरमध्ये घालणार आहे?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

कसं ते मुलीनं सांगितलं नाही. बाळ रडतंय म्हणाली आणि फोन ठेवला. रडण्याचा आवाज काही सिस्टरांना ऐकू आला नव्हता.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या हाताखालून गेलेल्या एका टाक्यात कधी पू झाला नाही," त्यांनी नवऱ्याला सुनावलं, जणू आरोप त्यानंच केला होता. "सर्जन लोक सुट्टी टाकायचे माझी सुट्टी बघून!"

"टाके वेगळे, टाकी वेगळी," नवरा म्हणाला आणि उठून चपला घालायला लागला. भांडण वाढायच्या आत बाहेर पडायची त्याची जुनी युक्ती, असं त्यांना वाटलं.

एकट्या उरल्यावर त्या टाकीपाशी गेल्या. सर्जन तळाशी एका कुशीवर पडला होता. त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "फूग ना रे मेल्या," त्या म्हणाल्या. तो फुगला नाही. नुसता एक डोळा त्यांच्याकडे लावून पडून राहिला. तेव्हा त्यांना राग नाही, भीती वाटली. हा गेला तर मुलगी काही बोलणार नाही, टोमणा मारणार नाही. नुसतं पाळणाघर पक्कं करेल, आणि तिचं चुकलं असं सिस्टरांना कुठल्या तोंडानं म्हणता येईल?

नवरा परतला तो हातात एक प्लास्टिकची पिशवी लोंबकळवत. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे, बाहेर बसायच्या जागेत, माशांची जुनी टाकी होती. तिच्या फिल्टरचा स्पंज तो चक्क मागून घेऊन आला होता. तपकिरी, बुळबुळीत, आणि डबक्याचा वास मारणारा.

"हा आपल्या टाकीत पिळायचा. मुलीनं मला फोन करून सांगितलं."

"तुम्हाला केला फोन? मला नाही?"

"तू ऐकलं असतंस का?"

"पिळा मग तुम्हीच," त्या फणकारल्या.

"मासा कुणाचा?"

सिस्टरांनी ग्लोव्हज शोधले. नेमके सापडले नाहीत. शेवटी दात-ओठ खात त्यांनी तो स्पंज उघड्या हातात घेतला, पाण्यावर धरला आणि पिळला. तपकिरी ढग असा पसरला की सर्जन दिसेनासा झाला. त्यांना शिसारी आली, आणि आपण आत्ताच्या आत्ता एक जीव घेतला याबद्दल त्यांची जवळजवळ खात्री पटली.

पुढचे दिवस त्याहून वाईट गेले, कारण त्यात करायचं काहीच नव्हतं. रोज चार तांबे पाणी बदलायचं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारा थेंब घालायचा, बस्स. काचेवर तपकिरी थर धरायला लागला तरी बघत बसायचं. थिएटरात हात धुऊन तयार झालेल्या नर्सेस कशाला धक्का लागू नये म्हणून हात छातीपाशी गुंफून उभ्या राहतात. सिस्टर टाकीसमोर तशाच उभ्या राहायच्या आणि आतल्या आत धुमसायच्या.

"पेशंट यायचाय का अजून?" नवरा विचारायचा.

"तुम्ही गप बसा."

थेंबांचं हिरवं हळूहळू उतरलं. गर्द हिरव्याचं पोपटी झालं, पोपट्याचं पिवळं. आणि एका सकाळी सिस्टर झाकण उघडतात तोच सर्जन वर आला आणि खाण्याचा दाणा त्यांच्या बोटांतून जवळजवळ हिसकावून घेऊन, वर त्यांच्यावरच फुगला. सिस्टरांनी नवऱ्याला हाक मारली नाही. तिथंच स्टुलावर बसून डोळे पुसले.

त्या रविवारी त्या बादलीवर वाकल्या होत्या. स्पंज गाळानं भरला होता, आणि टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलका पिळत होत्या, नळाखाली नाही. बेल वाजली. नवरा अंघोळीला गेलेला. हात निथळत ठेवून त्यांनी कोपरानं कडी सरकवली.

दारात मुलगी उभी होती, कडेवर बाळ. आई काही बोलायच्या आत तिनं मोकळा हात पुढे केला. आधी तळवा, मग पालथा, मग नखं. "घरून धुऊन निघालेय, खाली नळावर परत धुतला," ती म्हणाली. "बाळाचेही पुसलेत."

तिशी ओलांडलेली, स्वतः आई झालेली बाई आईच्या दारात तपासणीला हात पुढे करून उभी होती, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. शाळेतून आल्यावर ती अशीच उभी राहायची, दप्तर पाठीवर, उंबऱ्याबाहेर. सिस्टरांना फार वाईट वाटलं.

"असू दे गं," त्या म्हणाल्या. "माझेच बघ."

मुलीनं बघितलं. कोपरापर्यंत तपकिरी ओघळ, नखांत गाळ. मग तिनं आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. "काय करत होतीस?"

"सर्जनचा स्पंज पिळत होते. धुवायचा नसतो तो, नुसता पिळायचा."

मुलगी हसली नाही. बाळ मात्र कडेवरून पुढे झेपावलं, दोन्ही हात पसरून. सिस्टर पटकन मागं सरल्या. "थांब हं राजा, हात धुऊन आले."

"नको धुऊस," मुलगी म्हणाली. "घे त्याला."

सिस्टरांनी दोन्ही हात गाऊनला खसखसून पुसले आणि बाळ घेतलं. मुलगी अजून उंबऱ्याबाहेरच होती. "उद्यापासून सकाळी आठला आणून सोडीन," ती म्हणाली, आणि आत आली.