बजरंगचं झेपयंत्र

मंगळवारी सकाळी रोहिणीताईंनी ग्रुपवर लिहिलं, "रविवारपर्यंत निकाल द्या पंडित सर. नाहीतर मी माझा ग्रह घेऊन चालले."

ग्रहाचं नाव सिंधुरा. खरा नव्हे. आम्ही अकरा जण गेली पाच वर्षं मोबाइलवर एक खेळ खेळतोय. अवकाशातलं कल्पित जग, प्रत्येकाचा एकेक ग्रह. आपापल्या माणसांच्या वतीनं एकानं लिहायचं, दुसऱ्यानं त्याला उत्तर द्यायचं, अशी गोष्ट पुढं जाते. वाद झाला तर पंच मी. माजलगावात शाळेत विज्ञान शिकवतो आणि कीर्तनाला पहिल्या रांगेत बसतो, एवढ्या भांडवलावर मला पंच केलंय.

रोहिणीताई बीडला क्लासमध्ये गणित शिकवतात. दोन बॅचच्या मधल्या वेळात त्यांनी सिंधुरा उभा केला. तिथले आड, तिथले बाजार, तिथं लेकरू झोपवताना काय म्हणतात तेसुद्धा. बजरंग परळीच्या वीजकेंद्रात कंत्राटी फिटर. त्यानं तीन महिने खपून प्रकाशाहून वेगानं नेणारं झेपयंत्र शोधलं. वहीत आकृत्यासुद्धा काढल्या. तोवर आमची यानं महिनोन्महिने चालत असायची. आणि सोमवारी त्यानं एकच ओळ टाकली: "माझी चाळीस यानं झेप घेऊन सिंधुरावर उतरली, ग्रह ताब्यात."

पाच वर्षांचं काम एका ओळीत गेलं. मी बजरंगला फोन लावला.

"कावून केलंस रे असं?"

"सर, यंत्र केलं ते वापरायला न्हाई का? उतरू नको म्हणून नियमात कुठं हाय?"

"आपण त्याचं इंधन दुर्मिळ करू."

"माझ्याकडं दोन खाणी हायत."

"बरं, एका झेपेनंतर महिनाभर यंत्र थंड ठेवायचं."

"मग धा यंत्रं करीन." मग त्याचा आवाज उतरला. "यंत्रच काढायचं असंल तर सरळ सांगा. मी ग्रुप सोडतो. शिफ्टवरून येऊन तीन महिने बसलोय त्याच्यावर, सर. लई जीव लावलाय."

म्हणजे यंत्र ठेवलं तर ताई जाणार, काढलं तर बजरंग. दोघंही माझ्या घरच्यासारखे. चार दिवस मी नियम लिहीत होतो आणि खोडत होतो.

शनिवारी आमच्या सप्ताहात दुपारी दोन ते चार वीणेचा पहारा माझा होता. सातही दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकजण ती गळ्यात घालून उभा राहतो. पुढचा येतो, पाया पडतो, स्वतःच्या गळ्यात घेतो, तेव्हा पहिला मोकळा. चार वाजले. माझ्यानंतरचे आप्पाराव काही येईनात. साडेचार झाले. पोटऱ्या ताठल्या, खांद्यात कळ निघाली. मंडपात बायनाबाई तेवढ्या वाती वळत बसलेल्या.

"टेकवा की सर जराशी. देव काय म्हणायचा न्हाई."

"देव नाही हो म्हणायचा. उद्या तुम्हीच म्हणाल."

त्या तोंडाला पदर लावून हसल्या.

पाचला दहा कमी असताना आप्पाराव घामाघूम होऊन आले. गाडी पंक्चर झाली होती. त्यांनी वीणा घेतली, आम्ही एकमेकांच्या पाया पडलो, आणि खांद्यावरचा भार उतरला तसं डोकंही एकदम हलकं झालं. चार वाजल्यापासून मी मोकळं व्हायला अगदी तयार होतो. पण घेणारा समोर आल्याशिवाय त्या तयारीचा काय उपयोग?

मंडपामागं ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. तिच्यात बसून दोघांना एकाच फोनवर घेतलं.

"झेपयंत्र राहील," मी म्हणालो. "पण जिथं उतरायचं, तिथं त्याचं दुसरं टोक धरून कुणीतरी उभं पाहिजे. त्यानं 'घेतलं' म्हटल्याशिवाय यान जागचं हलणार नाही."

"मग हल्ला कसा करायचा?" बजरंग तडकला.

"जुन्या इंजिनानं. आठ महिने लागतील, तोवर ताई तयारीत राहतील."

"आणि सोमवारचं?" ताईंनी विचारलं.

"सिंधुरावर त्याला कुणी घेतलंच नव्हतं. चाळीस यानं अजून त्याच्याच दारात उभी आहेत."

ताई हसल्या. मला वाटलं, बजरंग आता ग्रुप सोडून गेला.

"म्हंजे तीन महिने फुकटच गेले की," तो म्हणाला.

"फुकट कसे, बजरंगभाऊ?" ताई म्हणाल्या. "माझ्याकडं दोन महिने तापाची साथ आहे. वाचलं नाहीत का? औषध तुमच्याच ग्रहावर मिळतं. जुन्या इंजिनानं ते यायचं कधी? तुमचं यंत्र काढलं तर माझी माणसं मरतील."

"म्हंजे... तुमी बोलावणार मला?"

"औषध घेऊन. चाळीस नको, एकच यान."

"दोन तरी येऊ द्या ताई. लई औषध हाय."

"बरं, दोन."

पाच मिनिटांत ग्रुपवर बजरंगची ओळ आली: "सिंधुरा, दोन यानं तयार आहेत. घेता का?" ताईंचं लिहिणं चालू असल्याचं दिसत होतं. ते थांबायचं, परत सुरू व्हायचं. मी पंगतीतून आणून दिलेल्या ताटातला शिरा हातातच धरून बसलो. मग आलं: "घेतलं. आमच्या दवाखान्यातली बाई टोक धरून उभी आहे. सावकाश उतरा, खाली आजारी माणसं झोपलीत."

बाकीच्या आठ जणांनी हात जोडल्याची चित्रं धडाधड टाकली. शिरा गार झाला होता, तरी बोटं चाटून खाल्ला.

तेवढ्यात बजरंगचा वेगळा मेसेज: "सर, एकाच टायमाला दोन ग्रहांनी घेतलं म्हटलं तर यान कुठं जाईल?"

"सोमवारी सांगतो," असं लिहिलं आणि ट्रॉलीतच आडवा झालो.