कागदावरची कझिन

सुवर्णाला आपल्या रिपोर्टांचा भारी अभिमान. नागपूरची एमएसडब्ल्यू, वर अमेरिकेतली दुसरी डिग्री, म्हणजे बाईंचं इंग्रजी अगदी काटेकोर! फ्रीमाँटला आजूबाजूचे सगळे सॉफ्टवेअरवाले, नवरा केदारही त्यातलाच. ही एकटी रोज फ्रीवेने सॅन होजेला जायची आणि नेटिव्ह अमेरिकन कुटुंबांचं समुपदेशन करायची. घर मोडायच्या बेताला आलं की तिथे जाऊन बसायचं, मुलांच्या जिवाला घोर लागणार नाही अशी व्यवस्था लावायची आणि होता होईल तो मुलं घरच्यांतच ठेवायची, हे तिचं काम.

२००४च्या त्या मार्चमध्ये तिच्याकडे लोरेटा बेनालीची केस होती. लोरेटा नॅवाहो जमातीची, दोन मुलींची आई. बाई मायाळू, पण दारू प्यायली की तिला कशाची शुद्ध नसायची. एका दुपारी आठ वर्षांची कायला आणि दोन वर्षांची मिया अशा दोघींना घरात एकट्या सोडून ती गेली, शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले आणि काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, मुलींना तात्पुरतं परक्या घरी ठेवलं. आता लोरेटाला तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहायचं होतं. तेवढे दिवस मुली कुणाकडे? ‘माझ्याकडे,’ असं अर्लीन म्हणत होती. शाळेच्या कँटीनमध्ये काम करणारी धट्टीकट्टी बाई, चार गल्ल्या सोडून राहणारी.

अर्लीनच्या आणि सुवर्णाच्या गप्पा पहिल्याच भेटीत जमल्या होत्या.

“तू इंडियन, मीही इंडियन. कोलंबस निघाला होता तुझ्याकडे, आणि येऊन धडकला आमच्या गळ्यात!” अर्लीन म्हणाली आणि स्वतःच खदाखदा हसली.

मग सुवर्णाने फॉर्म काढला. “मुलींशी तुमचं नातं काय?”

“शिमा याझी. म्हणजे धाकटी आई.”

“हो, पण नेमकं नातं?”

“लोरेटाची आई आणि माझी आई सख्ख्या बहिणी,” अर्लीन जरा थंडपणे म्हणाली. सुवर्णाने चटकन लिहिलं: आईची कझिन. नेमकं, सुटसुटीत, एका ओळीत काम फत्ते!

त्या एका ओळीने घात केला. काउंटीची बाई म्हणाली, “कझिन म्हणजे लांबचं नातं झालं. त्यापेक्षा सॅक्रमेंटोला मुलं सांभाळायचं लायसन्स असलेलं एक कुटुंब तयार आहे.” सॅक्रमेंटो म्हणजे दोन तासांचा रस्ता, परकी माणसं, आणि धाकटीला पुढे तिथेच दत्तक द्यायची भाषाही कुणीतरी काढली होती. शुक्रवारी सकाळी कोर्टात निकाल व्हायचा होता.

गुरुवारी संध्याकाळी सुवर्णा पोळ्या लाटत होती आणि पुण्याहून आलेला मीनाक्षीचा फोन नुकताच संपला होता. सुवर्णाची सहा वर्षांची लेक स्वानंदी ओट्यापाशी उभी होती.

“आई, इज मीनाक्षी मावशी युअर रिअल सिस्टर?”

“सख्खी नाही गं. मावसबहीण. माझ्या मावशीची मुलगी.”

“सो शी इज जस्ट युअर कझिन.”

“कझिन काय म्हणतेस!” सुवर्णा उखडलीच. “बहीण आहे ती माझी! तू झालीस तेव्हा दोन महिने रजा टाकून कोण आलं होतं? माय मरो पण मावशी उरो म्हणतात आपल्यात, आणि म्हणे जस्ट कझिन!”

आणि तिचा हात लाटण्यावरच थांबला. अगं बाई! आपण तरी दुसरं काय केलं? मीनाक्षीला कुणी कझिन म्हटलं तर अंगावर धावून जाणारी ही शहाणी, दुसऱ्याच्या बहिणीला मात्र बिनदिक्कत कझिन करून आली होती. तव्यावरची पोळी करपली तरी तिला कळलं नाही.

कोर्टात चूक कबूल करायची असं तिने ठरवलं, तेव्हा केदार म्हणाला, “अगं, उद्या कोर्टात रिपोर्ट चुकला म्हणालीस तर तुझ्या बाकीच्या रिपोर्टांवर कोण विश्वास ठेवेल?”

“नाही ठेवला तर नाही,” ती म्हणाली.

सकाळी कोर्टात काउंटीच्या वकिलाने ‘कझिन’ हा शब्द चारदा उच्चारला. मागच्या बाकावर लोरेटा मान खाली घालून बसली होती, शेजारी अर्लीन. सुवर्णा उठली.

“युअर ऑनर, तो शब्द माझा आहे आणि तो चूक आहे. या बाईंनी मला सांगितलं होतं की त्या धाकटी आई आहेत. मी ऐकलं नाही. कायदा म्हणतो की नेटिव्ह मुलांचं नातं त्यांच्या जमातीच्या रीतीने धरायचं. माझ्या भाषेतही हे नातं मावशीचंच आहे. इंग्रजीत लिहिताना मी विचारही इंग्रजीतच केला.”

न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “यापुढे ऐकून लिहा,” एवढंच म्हणाल्या. सुवर्णाचे कान लाल झाले. पण निकाल अर्लीनच्या बाजूने लागला: मुली तिच्याकडे राहतील, आणि आई बरी होईपर्यंत भेटायला येईल ती दिवसा, अर्लीनच्या देखत.

बाहेर पार्किंगमध्ये व्यसनमुक्ती केंद्राची व्हॅन लोरेटासाठी थांबली होती. काउंटीच्या माणसाने मुलींना आणलं. कायला धावत आईला बिलगली. मिया मात्र तीन आठवड्यांच्या परकेपणाने भेदरलेली. ती रडत सुटली ती थेट अर्लीनच्या गळ्यात पडली आणि ‘मॉम, मॉम’ करत तिला घट्ट धरून बसली.

अर्लीनचा चेहरा ओशाळला. सुवर्णाच्या मनात आलं: आपण हे नातं कोर्टात उभं राहून मिळवून दिलं खरं, पण जन्मदात्या आईने आता हे कसं सोसायचं?

लोरेटा जवळ आली. तिने मियाचं नाक पुसलं.

“हो,” ती म्हणाली, “ती पण.”

मग ती वळली आणि आपल्या पायांनी चालत व्हॅनमध्ये जाऊन बसली.