शेषाची कात

एकोणीसशे एकाहत्तरचं साल होतं. त्या वर्षी वैशाखात सोमवती अमावास्या आली आणि संग्रामपूरजवळच्या खारपाणपट्ट्यातल्या एका घराला धाकटी सून सिंधू कायमची नकोशी झाली.

तिच्या सासूची, मनकर्णाबाईंची, एकच इच्छा उरली होती. सोमवतीला समुद्रात न्हायचं. पण गुडघे धरलेले, प्रवास झेपणार नव्हता. म्हणून धाकटा लेक निवृत्ती यानं समुद्रच घरी आणायचं ठरवलं. तो मुंबईत रंगाच्या कारखान्यात होता आणि सिंधू वर्षभर त्याच्यासोबत खाडीकाठच्या झोपडीत राहत होती. त्या खाडीत शहराचे नाले सुटत, शेजारचा कारखाना प्लॅस्टिकच्या पिशव्यांची कातरणं ढकलून देई आणि पहाटे सारी वस्ती तिथंच बसे. आईसाठी हे पाणी नेऊ नका, असं तिनं नवऱ्याला परोपरीनं सांगितलं. त्यानं झोपडीमागंच कॅन बुडवला. समुद्र सगळा एकच, म्हणाला.

नांदुऱ्याला उतरले तेव्हा प्लॅस्टिकचा तो निळा कॅन उन्हानं कढत झाला होता. गावात पाण्याइतकंच कॅनचं कौतुक. फुटत नाही, गंजत नाही, म्हणून बायका त्याला टिचक्या मारून पाहत होत्या.

सोमवारी सकाळी थोरली जाऊ तानुबाई हिनं सासूला अंगणात पाटावर बसवलं. सिंधू वाकून हळूच म्हणाली, "आत्याबाई, अंगावर घ्या, पण तोंडात नका घेऊ. तिथं लोक परसाकडे बसतात."

तानुबाईनं ते नेमकं ऐकलं. "पाहा वं बायांनो. साऱ्या नद्या ज्याच्यात गेल्या, ते पाणी हिले घाण दिसून राह्यलं. वर्षभर मुंबईले काय राह्यली, नाकच वर झालं हिचं."

बायका हसल्या. मनकर्णाबाईंनी सुनेकडे पाहिलं ते दुखावून. म्हातारीचं पुण्य हिला बघवत नाही, एवढंच त्यांना कळलं.

दुसऱ्या गावची बाई ते पाणी थुंकली असती. पण इथल्या विहिरीच खारट. मनकर्णाबाई ओंजळ प्यायल्या, आपल्याच विहिरीची चव म्हणून खूश झाल्या आणि आणखी मागितलं. कॅनमधून ओतलेल्या धारेबरोबर एक पातळ, पारदर्शक पट्टी बाहेर आली. तानुबाईनं ती उचलून उन्हात धरली, कपाळाला लावली. शेषाची कात होती म्हणे ती. लगेच हळदकुंकू वाहिलं गेलं. पिशवीचा तुकडा आहे, असं सिंधू सांगत होती. ऐकतं कोण? साऱ्याजणी तीर्थासाठी हात पुढे करून उभ्या राहिल्या.

तेव्हा सिंधूनं कॅन लाथेनं लोटून दिला. पाणी अंगणभर पसरलं.

संध्याकाळपासून मनकर्णाबाईंना ओकाऱ्या आणि जुलाब सुरू झाले. तानुबाईनं सिंधूला अंथरुणाला शिवू दिलं नाही. दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपेपर्यंत म्हातारी संपली. बाकी बायांना काहीच झालं नाही, कारण त्यांना थेंबही मिळाला नव्हता. गावानं मात्र उलटा हिशेब मांडला. जिनं तीर्थ लाथाडलं, तिच्याच घरावर कोप झाला.

ओसरीवर माणसं जमली होती. सिंधू नवऱ्यापुढे उभी राहिली. "सांगा यायले. पाणी कुठून भरलं ते सांगा."

निवृत्तीनं मान वर केली नाही. "समुद्रातून भरलं," तो म्हणाला. "तू सांडलं नसतं तर माय राह्यली असती."

तिची ट्रंक त्याच दिवशी रस्त्यावर आली.

निवृत्ती एकटाच मुंबईला परतला आणि पुढे त्याच खाडीकाठी काविळीनं गेला. सिंधूनं माहेरी नांदुऱ्याला जिनिंगमध्ये सरकी झाडली, म्हातारी झाली. सासरच्या कुणाच्या मातीला गेली नाही. तानुबाई खूप जगली. कॅनमध्ये ती रॉकेल ठेवायची आणि कात देव्हाऱ्यात. देवाखालची वस्त्रं कितीदा विरली, कातीला काही झालं नाही. तानुबाई गेल्यावर तिच्या सुनेनं ती निर्माल्याबरोबर पूर्णा नदीत सोडली.