रांजणाचा तडा

चौथऱ्यावर काचेचा रांजण, एका शिल्पकारानं घडवलेला, दोन पुरुष उंच. भोवती दोरी. मागे दिल्ली दरवाजा. रांजणातून पाहिलं की दरवाजा वाकतो, माणसंही वाकतात. म्हणून जे झालं ते चारही बाजूंनी सांगायला हवं.

पूर्वेकडून.

सोमवारी सकाळी सुपरवायझर कल्याण बुडाशी वाकला. वीतभर तडा.

"स्टेला, राखण तुझी."

"शनिवारी उद्घाटनाची गर्दी होती, सर. काल दोरीच्या आत कोणी आलं नाही."

"तू होतीस ना आत? संध्याकाळपर्यंत नाव सांग. नाहीतर उद्यापासून येऊ नको."

उत्तरेकडून.

फुलवाली लंकाबाई. येता-जाता दोरीखालून हात घालून काचेला लावते. पलीकडून तो हात सुपाएवढा दिसतो. स्टेला दुपारभर त्या हातावर नजर ठेवून.

"मावशी, सारखा हात कशाला?"

"गार लागतंय. मी काय रांजण घरी न्हेनार हाय व्हय?"

"तडा गेलाय."

"माझ्या हातानं? लई जोर हाय गं माझ्यात."

हसली. पण टोपली चार पावलं लांब सरकवली. का?

दक्षिणेकडून.

स्टेला पालथी झोपली. तडा जिथून निघतो तिथे चौथऱ्याचा दगड पांढरा खरवडलेला. फटीत काथ्याचा एक तंतू. आंबूस वास.

शनिवार आठवला. चौथऱ्यावर काही आपटायचं नाही, हे शिल्पकारानं दोनदा बजावलं होतं. "नारळाशिवाय कसलं उद्घाटन," असं म्हणून कल्याणनंच नारळ घेतला. पहिल्यांदा फुटला नाही. दुसऱ्यांदा त्यानं जोर लावला.

सगळ्यांनी खोबरं खाल्लं. तिनंही.

"तवाच टिचलं हुतं," मागून लंकाबाई पुटपुटली. "म्या ऐकलं. पर सायबाचं नाव घिऊन टोपली कुठं मांडू?"

पश्चिमेकडून.

संध्याकाळ. काचेपलीकडे कल्याण, मधोमध मोडलेला.

"नाव?"

स्टेलानं फटीतून काढलेला तंतू काचेवर धरला. कल्याण जवळ येऊन वाकला.

"खोबरं तूही खाल्लंस."

"खाल्लं. तेही लिहा."

त्यानं कागद पुढे केला. लिहिलं होतं : उन्हामुळे तडा. खाली तिच्या सहीची जागा.

"उन्हाला काथ्या नसतो, सर."

कागद घडी होऊन त्याच्या खिशात गेला. "उद्या ये," एवढंच म्हणाला. तिच्याकडे न बघता.

पुन्हा पूर्वेकडून.

मंगळवारी ती आली तेव्हा चौथरा घासून धुतलेला होता. फट कोरून साफ. लंकाबाईची टोपली जागेवर नव्हती.

स्टेलानं डब्याचं झाकण उघडलं. पोळीखाली, कागदाच्या पुडीत, तंतू होता. झाकण लावलं. मग दोरी उचलून ती आत जाऊन उभी राहिली.