आडनावाचा रकाना

आळंदच्या ज्या डाळमिलमध्ये मी कॉम्प्युटरचं काम बघते, तिथं झालेली चूक आधी दुसऱ्याची असते. हा पायंडा मीच पाडला.

जूनच्या सुरुवातीला मिलनं तुरीचं बियाणं वाटलं. पुण्याहून आणलेल्या सॉफ्टवेअरमध्ये शेतकऱ्यांच्या नोंदी होत्या. त्या भरल्या होत्या चन्नबसप्पा अण्णांनी, तीस वर्षं वहीत लिहिलेल्या आमच्या कारकुनानं, एका बोटानं टाइप करत. त्या नोंदींतून यादी काढणारी क्वेरी मात्र माझी. यादीत कडगंची गावचे एकेचाळीस जण आलेच नाहीत. टेम्पो करून आलेली माणसं फाटकावरून रिकाम्या हातांनी परत गेली.

मालक महेशकुमार आत आले. "नावं कामून न्हाईत, चन्नबसप्पा?"

"म्या भरलेत की मालक. एकेक नाव दोनदा बघून भरलंय."

मी खुर्चीतून न उठता म्हणाले, "अण्णा, भरलं असतं तर आलं असतं. कॉम्प्युटर खोटं बोलतंय व्हय?"

नोंदी उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. मी बघितल्या नाहीत. मालकांनी अण्णांना त्याच दिवशी वजनकाट्यावर, लॉऱ्यांचे नंबर लिहायला पाठवलं.

पंधरा दिवसांनी माती तपासणीची यादी काढायची होती. या वेळी आधी चाचणी घ्यावी म्हणून मी स्वतःचीच नोंद भरली. नाव स्नेहल, वडिलांचं नाव भीमराज. आडनाव रिकामं. शाळेत घालताना बाबांनी ते लावलंच नव्हतं. आडनाव ऐकलं की लोक जात हुडकतात, म्हणाले होते. मी क्वेरी चालवली. यादीत माझं नाव नव्हतं.

सेटिंग उघडलं तर यादीसाठी आडनावाचा रकाना सक्तीचा होता. तो रिकामा असेल तर ती नोंद यादीत येणारच नाही. क्वेरी लिहिताना पुण्याचा साचा मी जसाच्या तसा उचलला होता. आमच्याकडे कितीतरी घरांत स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव, एवढ्यावर भागतं. पुण्याच्या माणसाला हे ठाऊक नसेल. मला तर ते जन्मापासून ठाऊक होतं. सक्ती काढली आणि एकेचाळीसच्या एकेचाळीस नावं आली, अण्णांनी भरलेली, एकही काना-मात्रा न चुकता. बेचाळिसावी मी.

खोटं कशाला सांगू, गप्प राहावंसं वाटलं. दुरुस्ती झालीच होती, कुणाला पत्ताही लागला नसता. तासभर तशीच बसले. मग मालकांना सांगितलं.

"आता नीट झालं ना? मग उद्यापासून चन्नबसप्पांना आत बसव," ते म्हणाले आणि फोनला लागले. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

काट्यावर गेले. अण्णांच्या नाकावर नवाकोरा, जाड भिंगांचा चष्मा होता.

"अण्णा, नावं तुम्ही बरोबर भरली होती. चूक माझी. न तपासता तुमच्यावर ढकलली."

त्यांनी विचारलं, "समदी होती?"

"सगळी."

"मला वाटलं, डोळेच गेले. कडगंचीला जाऊन एकेचाळीस घरं फिरून आलो, अक्का. माझ्या हातून झालं, माफ करा म्हणलं. मग गुलबर्ग्याला जाऊन ह्यो चष्मा केला."

माफी मी मागायची होती, आणि ती ते माझ्या आधी मागून आले होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

एक लॉरी काट्यावर चढली. अण्णांनी नवा चष्मा काढून खिशात ठेवला, टेबलाच्या खणातून जुना घेतला, डोळ्यांना लावला आणि पाटी वाचून नंबर लिहिला.

"ह्यानं नीट दिसायलं होतं की," ते म्हणाले.