तीन मंगळवार

मित्रांनो, तान्ह्या बाळांना तोलणारा मी एक जुना काटा आहे. रूप अगदी साधे. एक गोल तबकडी, वर अडकवायला कडी आणि खाली कापडी झोळी. कारखान्यातून निघालो तो थेट भिवंडीजवळच्या मानकोलीच्या पुढच्या एका गावात आलो, आणि तिथल्या आरोग्य उपकेंद्राच्या तुळईला मला टांगले. आजूबाजूला गोदामे वाढत गेली, भाताची खाचरे कमी होत गेली. पण मंगळवारी माझ्यापुढे आयांची रांग लागायचीच. मदतनीस जानकीबाई मला फडक्याने पुसून म्हणायच्या, "बालांना घाबरवू नको रं." कितीतरी बाळांनी माझी झोळी ओली केली. मला कधी राग आला नाही.

एके दिवशी डॉक्टर अफीफा आल्या. भिवंडीच्या लूमवाल्या, म्हणजे यंत्रमाग चालवणाऱ्या घरातल्या. डॉक्टर झाल्यावर त्या फॅमिली मेडिसिनचे तीन वर्षांचे पुढचे शिक्षण घेत होत्या. त्यातले दोन महिने खेड्यात काढायचे असतात. आल्या आल्या त्यांनी फोनवर मैत्रिणीला सांगितले, "साठ दिन तो हैं, निकल जाएंगे."

पण ते दिवस तसे नुसते निघून गेले नाहीत. शहरातल्या वॉर्डात त्यांना पेशंट खाटेच्या नंबराने ठाऊक होते. इथे त्या घरोघर जाऊ लागल्या. कुणाच्या घरात चुलीचा धूर कोंडतो, कोणती सून सगळ्यांना वाढून स्वतः अर्धपोटी निजते, हे त्यांना दिसू लागले.

निशाची मुलगी जन्मली तेव्हा जेमतेम दोन किलोंची होती. अफीफाताई दर मंगळवारी तिला तोलायच्या. दूध कसे पाजायचे, अंगाशी धरून ऊब कशी द्यायची, हे निशाला शेजारी बसून शिकवायच्या. माझा काटा थोडा पुढे सरकला की निशाच्या आधी त्याच हसायच्या.

दोन महिने संपले. निघताना ताई म्हणाल्या, "निशा, मंगळवार चुकवू नकोस हां. वजन थांबलं की लगेच कळतं, मग उपाय करता येतो."

त्यांच्या जागी दुसरा डॉक्टर यायचा होता, तो आलाच नाही. जानकीबाईंची ड्युटी दुसऱ्या गावी सर्वेक्षणाला लागली. दाराला कुलूप पडले.

मंगळवारी दारावर थाप पडली. "जानकीमावशी? कोन हाय का आत?" निशाचा आवाज होता. बाळ किरकिरत होते. मी आत टांगलेला. मित्रांनो, काट्याला कुलूप उघडता येत नाही! पुढच्या मंगळवारीही ती आली. तिसऱ्या मंगळवारी बाळाचे रडणे फार बारीक झाले होते. चौथ्या मंगळवारी कुणीच आले नाही.

महिनाभराने अफीफाताई आल्या. शिक्षणाच्या अहवालात त्यांना बाळांची ताजी वजने लिहायची होती. जानकीबाई परतल्या होत्या, पण त्या काही सांगणार इतक्यात ताई मला पिशवीत घालून निशाच्या घरी निघाल्यासुद्धा. निशा ओट्यावर तांदूळ निवडत होती. ताईंनी मला बाहेर काढले, तशी ती माझ्याकडे बघतच राहिली.

"आता कोनाला तोलाल, बाय?" ती म्हणाली. "पोर दूध वढत नव्हती. तीन मंगलवार आलते मी. टाला होता. मंग तिला दम लागला. ठान्याला नेताना कशेळीच्या ट्रॅफिकमदी ग्येली."

ताई तिथेच जमिनीवर बसल्या. "नवा डॉक्टर आला का, एवढा एक फोन मी करायला हवा होता," त्या म्हणाल्या. निशाने सूप पुन्हा मांडीवर ओढले.

शिक्षण पुरे झाले. सोबतचे सगळे ठाण्याला, नवी मुंबईला लागले. ताईंच्या अब्बांनी भिवंडीत दवाखान्यासाठी गाळा तयार ठेवला होता. ताईंनी मात्र याच गावात खोली घेऊन दवाखाना थाटला. उपकेंद्राने मला मोडीत काढले होते, तेव्हा मलाही मागून नेले. अब्बा डबा घेऊन भेटायला आले आणि म्हणाले, "बेटा, हे कॉलेजनं शिकवलं का तुला, इथं राहायचं?"

"कॉलेजनं पाठवलं, म्हणून ही माणसं मला कळली अब्बा," ताई म्हणाल्या. "पण पेशंटला सोडून कसं जायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं."

निशा मात्र दवाखान्यावरून मान वळवून जायची. दोन वर्षांनी ती दारात उभी राहिली. कडेवर दुसरी मुलगी होती. आत न येताच तिने विचारले, "तुमी हितं किती म्हयने हाय?"

"आता जाणार नाही, निशा."

ती आत आली. बाळाला तिने झोळीत ठेवले, पण झोळीखालचा हात काही काढला नाही. माझा काटा शून्यावरच राहिला. ताईंनी तिला हात काढ म्हटले नाही.  त्या तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.

मित्रांनो, मला पुसून जपून ठेवा, असे मी सांगणार नाही. पण कधी कुणाला 'पुन्हा ये' म्हणालात, तर ते माणूस येईल तेव्हा दार उघडायला कुणीतरी असेल, एवढे बघून मगच तिथून निघा.